दीड वेढा

१

राजानंदच्या दुकानात मशीन घेऊन येणाऱ्याला पहिला प्रश्न ठरलेला असायचा.

"याच्याआधी कोणी हात लावल्ता याला?"

गिऱ्हाईक नाही म्हणालं तरी राजानंदला ते खोटंच वाटायचं. मंडळांचे अँप्लिफायर, देवळांचे भोंगे, भजनी मंडळांचे माईक, सगळ्यांत कुणीतरी आधी हात घालून ठेवलेला असतो आणि तो निस्तरायला आपण बसलोय, अशी त्याची पक्की समजूत होती. वय सत्तर. डोळ्याला जाड भिंगाचा चष्मा. पण तारा जोडायचं तापतं सोल्डर धरलेला डावा हात अजून तसूभर हलत नव्हता. नवीन जालन्यात स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्यावर, बियाण्यांच्या दुकानांच्या रांगेत, त्याच्या शटरवर नावाची पाटीसुद्धा नव्हती. गरजच नव्हती. व्हॉल्व्हचं काम जाणणारा माणूस जिल्ह्यात एकच उरला होता.

मे महिन्यातल्या एका सोमवारी, साडेदहाच्या सुमारास, एक रिक्षा दारात थांबली. तिशी-पस्तिशीची एक बाई उतरली आणि तिच्या मागोमाग रिक्षावाल्यानं एक जड पेटी ओढत आणून टेबलावर ठेवली. तपकिरी रेक्झिन, कडेला पितळी कोपरे, पुढं वेताची जाळी.

राजानंदच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला.

"मी शरयू," बाई म्हणाली. "बियाण्यांच्या कंपनीत आहे, इथंच मागं ऑफिस आहे. हा माझ्या पप्पांचा अँप्लिफायर. दीनानाथ त्यांचं नाव. हवाईयन गिटार वाजवायचे, तुम्ही ऐकलं असेल."

"ऐकलंय."

"मागच्या वर्षी गेले ते. या रविवारी त्यांच्या आठवणीत कार्यक्रम ठेवलाय. मी वाजवणारे, याच्यावरच. पण हा चालू केला की नुसता घुमतो. काका, जपून करा हं. पप्पांनी स्वतःच्या हातानं बनवलेलाय."

तिनं पेटी वळवून दाखवली. मागच्या फळीवर पितळी पट्टी होती. चार स्क्रूंनी बसवलेली, घासून चकचकीत केलेली. *रचना आणि निर्मिती : दीनानाथ.*

राजानंदच्या कानाच्या पाळ्या तापल्या. अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी, बावीस वर्षांचा असताना, चार महिने एका पत्र्याच्या खोलीत घाम गाळून त्यानं दीनानाथसाठी ही पेटी बनवली होती. ट्रान्सफॉर्मर हातानं गुंडाळला होता. केदारखेड्याहून आणलेलं सागवान सुताराकडून तासून घेतलं होतं. दीनानाथच्या ऑर्केस्ट्राच्या पहिल्याच कार्यक्रमात निवेदकानं विचारलं, हा एवढा गोड आवाज देणारं यंत्र कुठून मागवलं? आणि दीनानाथनं माईकवर हसत सांगितलं, "मागवलं नाही, मीच बनवलं." राजानंद तेव्हा पडद्यामागं उभा होता. टाळ्या थांबायच्या आधी तो मागच्या दारानं निघून गेला. त्यानंतर त्यानं दीनानाथचं तोंड पाहिलं नाही, आणि ही गोष्ट कुणाला सांगितलीही नाही. राग मात्र रोज उठून घासायच्या तांब्यासारखा त्यानं अठ्ठेचाळीस वर्षं लखलखीत ठेवला होता.

"ठेवून जा," तो म्हणाला. "शनिवारी या."

२

मागची फळी काढली आणि आपल्याच तरुणपणात डोकावल्यासारखं झालं.

अॅल्युमिनियमचा डबा, म्हणजे चासी, तिच्यावर ओळीनं पाच व्हॉल्व्ह. तीन लहान, दोन मोठे. काचेच्या बुडाशी चांदीचा मुलामा. उजवीकडं ट्रान्सफॉर्मर, लापशीच्या पातेल्याएवढा. खाली स्वतः बनवलेली घुमाऱ्याची पेटी: दोन लांब स्प्रिंगा पत्र्याच्या डबीत ताणलेल्या, सूर त्यांतून धावत जाऊन परत आला की मोकळ्या देवळात गायल्यासारखा वाटायचा. पुढं चार बटणं. आवाज, जाड सूर, बारीक सूर, आणि थरथर. थरथरीचं बटण फिरवलं की सूर पाण्यावरच्या उजेडासारखा हलायचा. आजच्या पोरांच्या मशिनीत हे सगळं एका नखाएवढ्या चिपमध्ये असतं. पण त्या चिपला व्हॉल्व्हसारखी ऊब नसते, हे राजानंद कुणालाही भांडून सांगायचा.

आणि सगळीकडं त्याचा हात होता. राजानंद डावखुरा. तार पिनेला गुंडाळताना ती डावीकडं दीड वेढा घ्यायची, आणि उरलेलं टोक तो तिरकं कापायचा. हा त्याचा सांधा. अक्षर ओळखावं तसा ओळखू येणारा. अठ्ठेचाळीस वर्षांत सांधे राखाडी, मंद झाले होते. एकही निखळला नव्हता.

"आन् पट्टी त्याची," तो स्वतःशीच दात खाऊन म्हणाला.

फुगलेले दोन कंडेन्सर काढून त्यानं नवे टाकले. घुमण्याचं कारण तेच होतं. एक वाजला. प्लग काढला, शटर ओढलं, कुलूप लावलं आणि स्कूटीवर कुंडलिका ओलांडून जुन्या जालन्यात घरी जेवायला गेला. जेवून तासभर पडायचं, तीनला परत. पस्तीस वर्षांत हा नेम मोडला नव्हता.

तीन वाजता परत येऊन त्यानं फळीआड टॉर्च मारली आणि थबकला.

राखाडी सांध्यांच्या गर्दीत एक सांधा चमकत होता. नवा. डावीकडं दीड वेढा, टोक तिरकं कापलेलं. भिंतीतून येणारी फेजची तार ट्रान्सफॉर्मरकडं न जाता थेट चासीला जोडलेली होती.

याचा अर्थ त्याला क्षणात कळला. चासीला गिटारची वायर, वायरीला गिटारच्या तारा. वाजवणारीच्या डाव्या हातात पोलादी कांडी, ती तारांवर टेकवलेली. समोर अर्थिंगला जोडलेला माईक. बोलताना ओठ माईकला लागायचा अवकाश, करंट हातातून शिरून छातीतून बाहेर पडणार.

"म्हातारा झालास राज्या," तो मोठ्यानं म्हणाला. कंडेन्सर बदलता बदलता दीनानाथवर चरफडत होतो, हात कुठं गेला कळलं नाही, असं त्यानं ठरवलं. सांधा सोडवला, तार जागेवर लावली. पण एक गोष्ट मनात रुतून बसली. इतका सुबक सांधा नकळत होत नाही.

३

मंगळवारी दुपारी तो सांधा पुन्हा तिथं होता.

बुधवारीही.

बुधवारी राजानंदचा तोल गेला. शटरच्या कुलपाची दुसरी किल्ली एकाच माणसाकडं होती: शेजारी मोबाईलची कव्हरं विकणारा वसंता. अडीअडचणीला म्हणून राजानंदनंच दिलेली. तो तडक वसंताच्या काउंटरवर जाऊन आदळला.

"दुपारच्या टायमाला माझ्या दुकानात काय करून राह्यला तू?"

वसंता भांबावला. "मी? काका, मी कशाला येऊ तुमच्या दुकानात?"

"किल्ली तुझ्याजवळ. खोटं बोलू नको."

"ही घ्या तुमची किल्ली!" वसंतानं ड्रॉवरमधून काढून काउंटरवर आपटली. "उलटं मलाच विचारून राह्यले. तुम्हीच बसल्याले व्हते की आत. काल बी आन् आज बी. शटर अर्धं वर, मी दोनदा आवाज देला, चहा घेता का म्हणून. मान वर न्हाई केली तुम्ही."

"किती वाजता?"

"दोन-सव्वादोन."

दोन-सव्वादोनला राजानंद घरी पलंगावर होता. सगुणाबाई, त्याची बायको, उशाशी बसून तांदूळ निवडत होती.

"तोंड पाह्यलं माझं?"

"पाठ दिसली. बनियन, गळ्यात टॉवेल. डाव्या हातात ते सोल्डरचं. दुसरं कोण असणार?" वसंताचा आवाज खाली आला. "काका, तब्येत बरी हाय ना? एकदा दाखवून घ्या डॉक्टरला."

राजानंदनं किल्ली उचलली आणि तो परत फिरला. वसंता खोटं बोलतोय. पोरगं चावट आहे, म्हाताऱ्याची मजा घेतंय. ही समजूत त्याला दुकानाच्या पायरीपर्यंत पुरली. आत मात्र नुकत्याच वितळलेल्या सोल्डरच्या राळेचा वास होता, आणि सोल्डर सकाळपासून त्याच्या स्कूटीच्या डिकीत होतं.

४

गुरुवारी तो जेवायला गेलाच नाही.

दुकानात एकच सोल्डर होतं. ते त्यानं घरी ठेवलं. पक्कड, कटर, तारेची रिळं, सगळं पिशवीत भरून वसंताच्या काउंटरखाली सरकवलं. अँप्लिफायरचा प्लग काढला. मग शटर आतून लावून घेतलं आणि टेबलापासून चार हातांवर खुर्ची टाकून बसला. फळी उघडी, फेजची तार जागेवर, समोर स्पष्ट दिसत होती. वर झरोक्यातून भर दुपारचा उजेड येत होता. पंखा फरफर करत होता. बाहेर मोटारसायकली, दूरवर गाडीची शिट्टी.

तो नुसता पाहत बसला, आणि नुसतं पाहत बसलं की दीनानाथ आठवायचा. ते हसणं. माईकवर वाकून 'मीच' म्हणणारे ते ओठ. पेपरात आलेला मृत्युलेख: *कलावंत आणि कुशल तंत्रज्ञ.* आता ही पोरगी तेच पुन्हा दोनशे माणसांसमोर सांगणार. राजानंदच्या जबड्याच्या शिरा टरारल्या. छातीत काहीतरी उकळी फुटल्यासारखं वर यायला लागलं.

राळेचा वास आला.

त्यानं मान वळवली नाही. समोरच पाहत राहिला. मोठ्या व्हॉल्व्हच्या काचेवर, चांदीच्या मुलाम्यात, सगळं दुकान चमच्याच्या पाठीवर उमटावं तसं वाकडं, इवलंसं उमटलं होतं. झरोका. पंखा. खुर्चीत तो स्वतः. आणि त्याच्या पुढं, टेबलाशी, ओणवी पाठ. बनियन. टॉवेल. डावं कोपर सावकाश फिरत होतं. एक वेढा. मग अर्धा.

राजानंद ओरडला आणि उठला. खुर्ची मागं पडली. टेबलाशी कुणीच नव्हतं.

सांधा होता. त्यानं बोट लावलं आणि चटका बसून झटकन मागं घेतलं.

किती तरी वेळ तो भिंतीला टेकून उभा होता. भीती वाटायला हवी होती, वाटलीही. पण तिच्याही वर राग होता. माझा सांधा चोरतो? एकानं नाव चोरलं, आता हा हात चोरतोय?

५

शुक्रवारी शरयूचा फोन आला.

"काका, झालं का काम? सहज विचारलं. पप्पांची फार आठवण येतीय." ती थोडं थांबली. "शेवटी शेवटी त्यांना काहीच आठवायचं नाही. मला ओळखायचे नाहीत. पण त्या पेटीवर हात ठेवून बसायचे. चालूसुद्धा नसायची ती. मला विचारायचे, गरम झाली का गं? मी हो म्हणायचे. मग म्हणायचे, त्याला बोलाव. कुणाला, ते कधीच सांगता आलं नाही त्यांना."

राजानंदनं फोन कानाला धरूनच पेटीवर तळवा टेकवला. "होईल तुमचं काम," एवढंच तो म्हणाला.

त्या दिवशी तो दुपारी घरी गेला, नेहमीसारखा झोपला. तीनला येऊन पाहिलं. फेजची तार जागेवर. नवा सांधा नाही, वास नाही. संध्याकाळपर्यंत तो वीस वेळा टॉर्च मारून आला. काही नाही.

तेव्हा त्याच्या लक्षात आलं. मनात राग खदखदतो तेव्हाच तो येतो. ज्याच्यावर राग, त्याच्या वाटेवर काम करून जातो.

शनिवारी सकाळी शरयूच्या ऑफिसातला शिपाई निमंत्रणपत्रिका देऊन गेला. गुळगुळीत कागद, दीनानाथचा फोटो, खाली या पेटीचा फोटो. *त्यांनी स्वतः घडवलेल्या दुर्मीळ व्हॉल्व्ह अँप्लिफायरवर, त्यांची कन्या.*

पत्रिका वाचून होईपर्यंत पाठीमागं वास दरवळला होता. या वेळी एक नव्हे, तीन सांधे होते. जाडजूड, सोल्डर ओघळलेले.

राजानंदनं डिकीतून सोल्डर काढून आणलं, तापवलं आणि पहिल्या सांध्यावर टेकवायला गेला. आणि हात थांबला. क्षणभरच. तेवढ्या क्षणात त्याच्या मनानं विचारलं, की सोडवायलाच पाहिजे का? जाऊ दे की असंच.

तो विचार आपलाच होता, हे त्याला नाकारता येईना. घाईघाईनं त्यानं तिन्ही सांधे तोडले. शरयू आली तेव्हा तिला सांगितलं, व्हॉल्व्ह गेलाय, मिळत नाही, उद्या ही पेटी वाजणार नाही. दुसरं मशीन घ्या भाड्यानं.

"पण तुम्ही तर होईल म्हणाला होतात!"

"न्हाई झालं."

"काका, माझ्या पप्पांचा..."

"न्हाई म्हणलं ना! जा!"

ती डोळे पुसत गेली. पेटी तिला नुसती परत दिली असती तर? रिक्षात सांधा लागला असता. तिच्या घरी लागला असता. पेटी आपल्या कुलपात राहिलेली बरी, एवढंच त्याला समजत होतं.

६

रविवारी दुपारी जेवून पडल्यावर साडेचारला उठून त्यानं खुंटीकडं पाहिलं. किल्ल्या नव्हत्या.

"किल्ल्या कुठंयत?"

सगुणाबाई भांडी घासत होती. तिनं मान वर केली नाही. "ती पोरगी आल्ती. तुम्ही आंघोळीला गेल्ते तवा. लई रडून राह्यली व्हती बिचारी. म्हणे नुसती स्टेजवर ठेवायचीय बापाची पेटी, वाजली न्हाई तरी चालंल. मी देल्या किल्ल्या."

राजानंदनं रिकाम्या खुंटीवर हात आपटला.

"मला न इचारता?"

"इचारलं असतं तर देल्या असत्या का तुम्ही?"

चाळीस वर्षांच्या संसारात त्यानं सगुणाबाईवर हात उचलला नव्हता. त्याची जीभच पुरेशी होती. आज ती सुटली ती सुटलीच. अडाणी म्हणाला, घरभेदी म्हणाला, तिच्या माहेरच्या धावडा गावाचा उद्धार केला. सगुणाबाई राखेच्या हातांनी तशीच बसून राहिली. दारातून बाहेर पडता पडता तो वळून म्हणाला, "मरत का न्हाई तू एकदाची!"

मग स्कूटीला किक मारली.

पत्रिकेतल्या सभागृहात पोचला तेव्हा पाच वाजून गेले होते. पडदा वर होता. स्टेजवर मध्यभागी ती पेटी, दिवा लागलेला, व्हॉल्व्ह जाळीआडून नारिंगी दिसत होते. म्हणजे पोरीनं प्लग लावून पाहिला होता, आणि पेटी सुरू झाली होती. गिटार मांडीवर आडवं घेऊन शरयू बसली होती. डाव्या हातात कांडी. माईककडं वाकत होती.

"थांब! हात लावू नको!"

दोनशे माना वळल्या. राजानंद खुर्च्यांना धडका देत स्टेजवर चढला आणि भिंतीतला प्लग उपटला.

"काय करताय काका?" शरयू उभी राहिली, संतापानं थरथरत. "खोटं बोललात माझ्याशी? मशीन चांगलं चालतंय की!"

"करंट हाय त्याच्यात. मरशील." त्यानं खिशातला स्क्रू-ड्रायव्हर काढला, सगळ्यांसमोर मागची फळी खोलली, टॉर्च मारली.

स्वच्छ. फेजची तार जागेवर. एकही नवा सांधा नाही. प्लग पुन्हा घालून टेस्टर लावून पाहिला. चासी निर्धोक होती.

मागून कुणीतरी हसलं. शरयू म्हणाली, "कशासाठी केलंत हे? पप्पांनी काय वाकडं केलं होतं तुमचं?"

आणि अठ्ठेचाळीस वर्षं दाबलेलं ते वाक्य तोंडातून बाहेर पडलं. "ही पेटी मी बनवलीय."

मग पुढच्या रांगेतून एक म्हातारा काठी टेकत उठला. ऑर्केस्ट्रात ढोलक वाजवणारा सर्जेराव. "खरं हाय पोरी," तो म्हणाला. "यानंच बनवली. आम्हा सगळ्यांला माहीत व्हतं. कोणी बोललो न्हाई, ही आमची चूक."

शरयूनं पितळी पट्टीकडं पाहिलं. राजानंदकडं पाहिलं. मग माईक ओढून, कोरड्या आवाजात म्हणाली, "हा अँप्लिफायर राजानंदकाकांनी घडवलाय. मला आज कळलं." आणि वाजवायला बसली.

पहिला सूर निघाला. स्प्रिंगांतून घुमून आला, व्हॉल्व्हच्या उबेत भिजलेला. राजानंद विंगेत उभा होता. लोक टाळ्या वाजवत होते, त्याच्याकडं पाहून वाजवत होते. जे हवं होतं ते मिळालं होतं. मग आता राग कुठं गेला, म्हणून त्यानं आत चाचपून पाहिलं. दीनानाथवर नव्हता. या पोरीवरही नव्हता. दुपारपासूनच नव्हता. म्हणून तर इथं सांधा नव्हता.

दुपारी तो दुसऱ्याच कुणावर होता.

राजानंद मागच्या दारानं बाहेर पळाला. त्यानं घरचा फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. कुणी उचलला नाही.

७

राजानंद घरात शिरला तेव्हा सगुणाबाई बादली घेऊन कूलरपाशी उभी होती. कूलर बंद होता. तिचा ओला हात बटणाकडं जात होता.

"हात लावू नको!"

ती दचकली, बादली कलंडली. राजानंदनं तिला मागं ओढलं आणि कूलरच्या पत्र्याला टेस्टर टेकवला. टेस्टर लाल पेटला. तो धावत ओसरीत गेला, मेन खाली ओढला, परत येऊन बाजूचा पत्रा उघडला. आत फेजची तार पत्र्याला जोडलेली. डावीकडं दीड वेढा. सोल्डर अजून नरम होतं.

"कोणी केलं हे?"

"कोणी म्हंजे?" सगुणाबाई त्याच्याकडं बघतच राहिली. "तुम्हीच की. आत्ताच तर खोलून बसल्ते. मला वाटलं, मघाशी तसं बोलले म्हणून आता गुमान काम करून राह्यले. मी दोनदा चहाचं इचारलं. एक शब्द न्हाई."

"फोन का न्हाई उचलला?"

"तुम्ही घरातच व्हते, मंग तुमचाच फोन कसा उचलू? मला वाटलं, तुमचा मोबाईल पडला असंल कुठं, कोणी लावून राह्यलं."

"मंग तो... मंग मी कुठं गेलो?"

तिनं मधल्या खोलीकडं बोट केलं. दार लोटलेलं होतं. "आत. अजून बाहेर न्हाई आले." आणि बोलता बोलता तिचं तिलाच उमगलं. तिचं बोट तसंच हवेत राहिलं.

"ओसरीत जा," राजानंद हळू म्हणाला. "बाहेरच थांब."

ती गेली. घरात पंखा बंद, दिवा बंद. खिडकीतून संध्याकाळचा फिका उजेड भिंतीवर पडला होता. दाराआडून कटरचा आवाज आला. टच. तारेचं टोक कापल्याचा. मेन बंद होता, तरी राळेचा वास वाढतच होता.

राग आणायचा नाही, राजानंदनं स्वतःला बजावलं. काहीतरी गोड आठव. त्याला काहीच आठवेना. माझ्या बायकोच्या जिवावर उठला. माझ्या हातानं. माझ्या घरात. कानाच्या पाळ्या तापल्या, छातीत उकळी फुटली. एवढा राग त्याला दीनानाथचाही कधी आला नव्हता. हा जो कोण आत बसला होता त्याचा, त्या ओणव्या पाठीचा, त्या डाव्या हाताचा. त्यानं पाऊल टाकलं, ओल्या फरशीवरून दारापाशी गेला आणि लोखंडी कडी मुठीत धरली.

कडीच्या खालच्या बाजूनं बोटांना तार लागली. बारीक, कोमट. पुढं दाराच्या फटीतून आत गेलेली.

"अहो," ओसरीतून सगुणाबाईची हाक आली, घाबरलेली. "मेन लावू का? आत काही दिसंना."

राजानंदनं तोंड उघडलं. पण त्याच्या आधी दाराच्या आतून, त्याच्याच आवाजात, उत्तर गेलं.

"लाव."

आज एकदा न विचारता वागली होती सगुणाबाई. आता तिनं विचारलं होतं, उत्तरही ऐकलं होतं; मेनवर हात ठेवून ती दुसऱ्यांदा विचारणार नव्हती.